एका ओळीत दोन माणसं

चर्च सुटल्यावर गुड्रुनने सगळ्यांना आपल्याकडे जेवायला बोलावलं, तेव्हाच आर्नेच्या लक्षात आलं की जेवण हे नुसतं निमित्त आहे. त्याची बहीण एका रविवारी दोन-दोन कोंबड्या भाजणाऱ्यांतली नव्हती. सोमवारी दुपारच्या बसने नॉर्दाल गावाच्या इतिहासाची सगळी पानं छापखान्याला जायची होती आणि त्यातलं त्यांच्या स्कार घराण्याचं पान अजून भावंडांच्या नजरेखालून गेलं नव्हतं.

दोन वर्षं गुड्रुन त्या पुस्तकाला चिकटून होती. वय बहात्तर, गुडघे कधीच दगा देऊन बसलेले, पण गावातलं एक दार तिने सोडलं नव्हतं. १९०५ सालापासून कोण कुठल्या घरात आलं, किती वर्षं राहिलं, कधी गाडीत बसून निघून गेलं, सगळं तिच्या वहीत होतं. १९३१ साली गावात दोनशे चौदा माणसं होती. आता, १९७९च्या ऑक्टोबरात, एकसष्ट. गुड्रुनबाईंना कळवल्याशिवाय नॉर्दालमध्ये मरायचीही सोय नाही, असं धान्य-कोठारावरची मंडळी म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तिने बेरीज मांडली होती: आजवर नॉर्दालमध्ये राहून गेलेली माणसं, अकराशे सात.

नियमही तिचाच. प्रत्येक घराने आपलं पान आपण लिहायचं, तीनशे शब्द, एक फोटो, आणि दुसऱ्याच्या पानातला एक शब्दही कुणी बदलायचा नाही. गावात मळणीयंत्र पहिलं कुणी आणलं यावरून लुंड बंधूंची जुंपली, तेव्हा तिने हा नियम काढला होता. आता दोन्ही लुंडांच्या पानांवर पहिलं मळणीयंत्र आपलंच होतं आणि दोघेही खूष होते.

कोंबडी, कुस्करलेले बटाटे, लोणी-साखर लावलेली लेफ्से ही नॉर्वेची पोळी असं सगळं टेबलावर आल्यावर गुड्रुनने चष्मा लावला आणि उभ्यानेच वाचायला सुरुवात केली. वडील हाल्वर स्कार नॉर्वेहून कॅनडात कसे आले, पहिला हिवाळा मातीच्या ढेकळांच्या घरात कसा काढला, त्यांच्या घोड्याला जिल्ह्याच्या जत्रेत बक्षीस कसं मिळालं. "चर्च आणि दफनभूमी यांसाठी त्यांनी स्वतःच्या शेतातली पाच एकर जमीन गावाला दान दिली. त्यांच्या दारातून कोणीही विन्मुख गेलं नाही."

"छान लिहिलंयस गं," व्हर्ना रुमाल शोधत म्हणाली. ती सगळ्यांत धाकटी, त्रेपन्न वर्षांची. रिजायनाहून दोन तास गाडी हाकत आली होती आणि येतानाच ठरवून आली होती की आज कुणाशी वाद घालायचा नाही. "पापा अगदी डोळ्यांसमोर आले."

"घोडा आला ना? मग झालं," आर्ने म्हणाला आणि बटाट्यांकडे वळला.

आर्नेची मुलगी जॉइस पलीकडे बसली होती. ती शाळेत शिकवायची आणि रात्रंदिवस बसून आख्खं पुस्तक तिनेच टाइप केलं होतं. तिने पायाशी ठेवलेल्या पिशवीतून एक पाकीट काढलं आणि बशीच्या शेजारी ठेवलं.

"आत्या, एक पान राहिलंय."

गुड्रुनने पाकीट ओळखलं. "ते पुस्तकाच्या समितीचं काम आहे. जेवणाच्या टेबलावर नको."

"तीन आठवडे समितीच्या खणात पडून होतं. सगळ्यात तळाला, टेबलक्लॉथच्या खाली. समितीला तरी माहीत आहे का?"

"जॉइस, सूर नीट ठेव," आर्ने म्हणाला.

"सूर नीटच आहे बाबा. वाचते फक्त." आणि कुणी नको म्हणायच्या आत तिने वाचलं.

"माझे वडील मा यिक १९१९ साली नॉर्दालला आले आणि स्टेशनसमोर त्यांनी कॅफे काढला. १९२५ साली ते एकदाच चीनला घरी आले होते. ते परत गेल्यावर मी जन्मले. बायकामुलांना तिकडे आणायला तेव्हा कायद्याने मनाई होती, त्यामुळे आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नाही. १९३४च्या फेब्रुवारीत ते न्यूमोनियाने वारले. त्यानंतर त्यांचे चुलतभाऊ मा तुंग यांनी १९५७ पर्यंत कॅफे चालवला. वडिलांना नॉर्दालमध्येच पुरलं असं काकांना कळलं होतं, पण जागा कुणी त्यांना दाखवली नाही. कुणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावं. तीनशे शब्द भरले नाहीत, त्याबद्दल माफ करा. मला त्यांच्याविषयी एवढंच माहीत आहे. मा सुइ लान, व्हँकुव्हर."

खाली फोन नंबर होता.

"काहीतरी घोटाळा होतोय तिचा," व्हर्ना म्हणाली. "कॅफेवाला चार्ली एकच होता. माझ्या लग्नाचा केकसुद्धा त्याने केला, अठ्ठेचाळीस साली! चौतीसमध्ये कसा मरेल तो?"

"आत्याच्या यादीतही एकच आहे." जॉइसने कागद काढला. "चार्ली, आडनाव माहीत नाही, कॅफे, १९१९ ते १९५७. एका ओळीत अडतीस वर्षं."

"मग बरोबरच आहे. इतक्या वर्षांनी कुणीतरी उठतं आणि..." व्हर्नाने गुड्रुनकडे आधारासाठी पाहिलं. "ताई, सांग ना हिला."

गुड्रुनने बटाट्यांचं भांडं उचललं. "आर्ने, बटाटे घे."

"घेतलेत."

"अजून घे."

आर्नेने भावंडांत कधी जास्त बोलून दाखवलं नव्हतं. बोलायचं काम गुड्रुनचं, रडायचं व्हर्नाचं आणि शेताचं आपलं, अशी वाटणी त्याने लहानपणीच मान्य केली होती. पण ते पत्र ऐकताना 'जागा कुणी दाखवली नाही' या शब्दांशी त्याचा काटा बशीतच थांबला होता. कुणी म्हणजे तोच. मा तुंगच्या कॅफेत तो तेवीस वर्षं कॉफी प्यायला. रोज सकाळी. त्या माणसाने कधी विचारलं नाही आणि याने कधी सांगितलं नाही.

"दोन होते," आर्ने म्हणाला.

"आर्ने!"

"दोन होते, गुड्रुन. तुलाही माहीत आहे. आपण दोघांना चार्लीच म्हणायचो, म्हणून काही ते एक होत नाहीत."

मग तो सांगत गेला, काट्याने बशीतला बटाटा इकडून तिकडे सारत. कडाक्याची थंडी होती. दोन दिवस कॅफेच्या धुराड्यातून धूर दिसला नाही, म्हणून पापा आणि तो बघायला गेले. माणूस पलंगावर, अंगावर सगळे कपडे, सगळी पांघरुणं. संध्याकाळी चर्चच्या पंचांपैकी तिघं आपल्या स्वयंपाकघरात येऊन बसले. बाप्तिस्मा न झालेला माणूस दफनभूमीत घ्यायचा नाही, तसं नियमावलीत लिहिलंय, असं त्यांचं म्हणणं. पापा पंचांचे अध्यक्ष. जमीन पापांनीच दिलेली.

"आणि पापा काय म्हणाले?" व्हर्नाने विचारलं.

"काही नाही. हो नाही, की नाही नाही. कॉफी संपवली. ते तिघं गेल्यावर मला म्हणाले, कुंपणाच्या बाहेर, आपल्या बाजूला. जमीन दगडासारखी गोठलेली. मी दोन दिवस वर कोळसा आणि पेंढा जाळत बसलो, तेव्हा कुठे पहार आत गेली. खोकं कोठीच्या फळ्यांचं केलं. पाद्री नव्हता. पापांनी टोपी काढली, थोडा वेळ उभे राहिले, आम्ही घरी आलो. कुंपणाच्या कोपऱ्यापासून अकरा पावलं."

जॉइस बापाकडे बघतच राहिली. "तो दगड," ती म्हणाली. "बाबा, तुमचा तो दगड! दर वर्षी खाली मोठा दगड आहे म्हणून तुम्ही ट्रॅक्टर वळवून घेता तिथे. सगळं गाव हसतं तुम्हाला. दादाने एकदा काढून टाकतो म्हटलं, तर तुम्ही त्याच्या अंगावर धावून गेलात."

"दगड नाहीये तिथे."

"ते कळलं आता."

व्हर्नाने रुमाल ठेवून दिला होता. वाद घालायचा नाही हे तिचं ठरलेलं होतं, पण आता तिची कानशिलं तापली. तिला आठ वर्षांची व्हर्ना आठवली, त्या वर्षीच्या मे महिन्यात कॅफे पुन्हा उघडला तेव्हाची. "मी आईला म्हटलं होतं," ती म्हणाली. "हा चार्ली वेगळा दिसतो म्हणून. आई म्हणाली, तो आजारी होता, वाळलाय. मी पुन्हा म्हटलं, त्याचे कानसुद्धा वेगळे आहेत. तेव्हा तिने मला जिन्याखाली उभं केलं होतं, तोंडात साबण घालून. खोटं बोलते म्हणून! आणि तुम्ही दोघं मोठी होतात. तुम्हाला ठाऊक होतं."

"मी तेव्हा लग्न होऊन बारा मैलांवर होते. कडेवर पोर होतं," गुड्रुन म्हणाली. "आईने निरोप पाठवला, चार्ली गेला. त्याच उन्हाळ्यात म्हणाली, चार्ली आलाय. मी काय विचारणार?"

"विचारायचं की, कुठला चार्ली!"

"तू लहान होतीस, तुझं बरं आहे."

"साबण माझ्या तोंडात होता, माझं काय बरं आहे? जॉइस, ते पान छाप. जसंच्या तसं."

गुड्रुन खुर्चीत बसली. सकाळपासून पहिल्यांदाच. ताटात कोंबडी गार झाली होती. तिघंही आता टेबलाच्या पलीकडे होती आणि ती अलीकडे एकटी. तिला राग येत नव्हता, फार थकवा येत होता. मा यिकला ती या सगळ्यांपेक्षा जास्त ओळखत होती. लग्नाआधी चार वर्षं तिने त्याच्याकडे टेबलं पुसली होती. यादीतली ती ओळ लिहिताना तिचा हात थांबला होता. दोन ओळी केल्या तर पहिली कुठे संपली ते लिहावं लागलं असतं, आणि मग कुठे पुरला तेही. म्हणून तिने एकच केली.

"पान छापायला माझी ना नाही," ती म्हणाली. "नियम माझाच आहे. पण ते छापलं की जागा सांगावी लागेल. जागा सांगितली की कुंपणाबाहेर का, ते सांगावं लागेल. पापा वाईट नव्हते. दुष्काळात स्वतःचं बियाणं अर्धं करून लुंडांना दिलं त्यांनी."

"वाईट होते असं कोण म्हणतंय?" आर्ने म्हणाला.

"वाचणारे म्हणतील. तुम्हाला दिसत नाही का? आज एकसष्ट आहोत. दहा वर्षांनी तीस. मग एक दिवस शेवटचा माणूस दिवा घालवून जाईल आणि नॉर्दालचं हे पुस्तक तेवढं उरेल. त्यात पापांचं काय उरेल? एका मेलेल्या माणसाला आत घेतलं नाही, एवढंच?"

"आणि त्याचं काय उरेल, आत्या?" जॉइसने हळू विचारलं. "अर्धी ओळ. ती सुद्धा त्याच्या नावाची नाही."

गुड्रुनने टेबलक्लॉथवरची एक सुरकुती बोटाने सारखी केली आणि पुन्हा केली.

"एक सांगतो," आर्ने म्हणाला. "त्या वसंतात नांगरायला मी निघालो होतो. पापा म्हणाले, तो तुकडा मी करतो. घोडे घेऊन स्वतः गेले. मी कुंपणापाशी उभा होतो. त्या जागेशी आले आणि नांगर उचलला त्यांनी. एकट्याने. साठीला आले होते, पाठ गेलेली. उचलून पलीकडे नेला आणि पुन्हा टेकवला. येताना तसंच, जाताना तसंच. मला एक शब्द बोलले नाहीत. पुढे नऊ वर्षं, मरेपर्यंत, तो तुकडा दुसऱ्या कुणाला करू दिला नाही."

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू कधी विचारलं नाहीस. तू सगळ्या गावाला विचारत फिरलीस."

गुड्रुनच्या डोळ्यांत पाणी आलं. बापाच्या नावासाठी ती इतकी वर्षं दार लावून उभी होती, आणि बाप केव्हाच त्या दारातून बाहेर जाऊन कुंपणापाशी उभा राहिला होता. तिला त्याची कीव आली आणि माया आली, दोन्ही एकदम. तिने नाक पुसलं, चष्मा पुसला आणि हात पुढे केला.

"पेन्सिल दे."

तिने यादीतली ती ओळ खोडली. वर दोन ओळी बसवल्या: मा यिक, १९१९ ते १९३४. मा तुंग, १९३४ ते १९५७. मग शेवटच्या पानावर गेली आणि अकराशे सातचे अकराशे आठ केले. मग स्कारांचं पान ओढलं. "इथे चार वाक्यं घालावी लागतील. पंच आले ते, पापा गप्प बसले ते, अकरा पावलं, आणि नांगर. तीनशे शब्द झालेत, काहीतरी काढायला हवं." पेन्सिल घोड्यावर थांबली.

"घोड्याला हात लावू नकोस," आर्ने म्हणाला. "ते दारातून विन्मुख वगैरे आहे ते काढ. त्यातच सगळे शब्द गेलेत."

तिने ते वाक्य खोडलं. व्हर्ना एवढ्या सगळ्यातही हसली.

"आता फोन," गुड्रुन म्हणाली. "पुस्तकात वाचायला लागू नये तिला. जॉइस, लाव."

जॉइसने भिंतीवरच्या फोनवर नंबर फिरवला. गुड्रुन उभी राहिली, ॲप्रन काढून ठेवला आणि चर्चमध्ये धडा वाचताना काढते तो आवाज काढला. आपण कोण ते सांगितलं. पान मिळाल्याचं सांगितलं, उशीर आपल्यामुळे झाल्याचंही. मग म्हणाली, "जागा माहीत आहे. माझ्या भावाला माहीत आहे, त्यानेच खणली. आमच्या शेतात आहे, दफनभूमीच्या कुंपणाबाहेर. आत घ्यायला हवं होतं. माझ्या वडिलांच्या हातात होतं ते, त्यांनी घेतलं नाही. तिथे आजवर नांगर फिरलेला नाही." एवढं सगळं तिने एका दमात सांगितलं आणि भिंतीला टेकली.

पलीकडून बाईचा आवाज आला, बारीक, जपून बोलणारा, आणि गुड्रुनने सगळ्यांना ऐकू यावं म्हणून रिसीव्हर कानापासून दूर धरला.

"तुम्ही माझ्या वडिलांना पाहिलंत?"

"चार वर्षं त्यांच्याकडे कामाला होते मी."

"कसे होते?"

"चांगले होते," गुड्रुन म्हणाली. "खूप चांगले. मनुक्यांचं सारण भरलेला पाय करायचे, तसा पाय..."

"तो तुंगचा," आर्ने पुटपुटला. "पाय तुंगने आणला."

"हो. तो काका करायचे तुमचे. वडील... शीळ घालायचे काम करताना..."

"तोही तुंगच. चाळीसच्या दशकातला. युद्धाची गाणी वाजवायचा."

गुड्रुनने डोळे मिटले. चार वर्षं रोज पाहिलेला चेहरा तिने आठवायचा प्रयत्न केला, आणि त्याच्यावर नंतरच्या वीस वर्षांचा दुसरा चेहरा येऊन बसला. दोघांना एका नावाने हाक मारून मारून तिच्या मनातही त्यांची एकच ओळ झाली होती. "मला थोडं आठवू द्या," ती म्हणाली. "जरा थांबा हं. मला नक्की सांगायचंय."

तेव्हा व्हर्ना उठली आणि तिने रिसीव्हर घेतला.

"मी व्हर्ना, सगळ्यांत धाकटी. तुमचा जन्म कधीचा?"

"सव्वीस सालचा. मार्च."

"माझा जानेवारी. हे बघा, मी सांगते ते तुमच्या वडिलांचंच आहे, दुसऱ्याचं नाही. नक्की. ते दरवर्षी, त्यांचं नवं वर्ष असायचं तेव्हा, मला स्वयंपाकघराच्या दाराशी उभं करायचे. पाठ चौकटीला लावून, टाचा टेकवून. आणि डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारायचे. रेघेजवळ काहीतरी लिहायचे, मग मला दोन लिमलेटच्या गोळ्या. मी चालायला लागल्यापासून, आठव्या वर्षापर्यंत. मग नवा चार्ली आला. मी आपली जाऊन चौकटीला टेकून उभी राहिले, तर तो म्हणाला, काय पाहिजे? मला वाटलं माझ्यावर रागावलाय. मी किती दिवस रडत होते."

"काय लिहायचे?"

"चिनी होतं, मला कसं वाचता येणार? दोन अक्षरं. दर रेघेला तीच दोन. मला वाटायचं माझं नाव लिहितायत." व्हर्ना थांबली. "चौकट नाही आता. कॅफे बासष्ट साली पाडला."



"चिनीत माझ्या नावाची दोन अक्षरं आहेत. सुइ, लान," बाई म्हणाली.

"हो," व्हर्ना म्हणाली. तिला आता रडू आवरत नव्हतं आणि ती आवरतही नव्हती. "तुम्ही किती उंच आहात हो?"

"मी? चार फूट अकरा."

"मी पाच फूट नऊ. लहानपणापासून ताडासारखी. वर्गात सगळ्यांत उंच."

पलीकडे हसल्यासारखा आवाज झाला, मग नाक ओढल्याचा, मग पुन्हा हसल्याचा.

"म्हणजे," सुइ लान म्हणाली, "त्या रेघा बघून त्यांना वाटत होतं, मला पोटभर खायला मिळतंय."